पुणे शहर आणि मावळ : आर्थिक संबंधांचा इतिहास

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या मुख्य रांगेपर्यंत पसरलेला मावळ हा जलसंपत्ती, वने व मनुष्यबळ यांनी संपन्न असा प्रदेश होय. त्याच्या साधनांवर पुणे व मुंबई या शहरांची वाढ झाली. या शहरांचे मावळाशी असलेले आर्थिक संबंध म्हणजे महानगर आणि त्याच्या परिसरातील साधनसंपन्न प्रदेश यांच्या परस्परसंबंधांचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे. एखाद्या प्रदेशात साधनसंपत्ती असणे आणि तिच्यामुळे त्या प्रदेशाचा विकास होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. साधन कोणत्या दिशेने वाहून नेले जाते, त्यावरील प्रक्रिया कोठे होते आणि त्यासंबंधीचा निर्णय कोणाच्या हाती असतो, यांवर त्या प्रदेशाचे आर्थिक भवितव्य अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसून येते.

भौगोलिक पार्श्वभूमी : पुणे जिल्ह्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे मावळ, पुणे शहराभोवतालचा मध्यवर्ती पट्टा आणि पूर्वेकडील पठारी अवर्षणप्रवण प्रदेश असे स्थूलमानाने तीन भाग पडतात. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पुणे शहरात तो सु. ७०० मिमी., तर दौंड, बारामती व इंदापूर या तालुक्यांत सु. ५०० मिमी. इतकाच असतो. इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी, वेळवंडी, नीरा इ. नद्या मावळात उगम पावून पूर्वेस वाहतात व अखेरीस भीमेला मिळतात. या प्रदेशाची पश्चिमेकडील कड कोकणात एकदम उतरते. त्यामुळे येथील पाण्याचा उपयोग दोन प्रकारे करता येतो : पूर्वेकडील कोरड्या जमिनीस कालव्याने देणे किंवा पश्चिमेकडे कड्यावरून खाली सोडून त्यावर वीज निर्माण करणे. या दोन्ही प्रकारांत पाण्याचा मुख्य लाभ मावळाबाहेरच होतो. भात हे येथील मुख्य पीक असून मुळशी व मावळ तालुक्यांतील आंबेमोहर तांदूळ विशेष प्रसिद्ध आहे. चढउताराच्या जमिनी, लहान खाचरे आणि डोंगरउतारावरील नाचणी-वरीची शेती यांवर येथील शेतकरी तसेच महादेव कोळी, कातकरी, धनगर इ. समाज उपजीविका करीत आले.

तात्त्विक विवेचन : शहर व त्याचा परिसरप्रदेश यांच्या संबंधांचा पद्धतशीर विचार जर्मन अर्थशास्त्रज्ञ योहान हाइन्रिख फोन ट्यूनेन (१७८३–१८५०) याने १८२६ मध्ये मांडला. शहरापासूनचे अंतर आणि वाहतुकीचा खर्च यांनुसार शेतीचे प्रकार वर्तुळाकार पट्ट्यांत विभागले जातात, असे त्याचे प्रतिपादन होते. फ्रान्स्वा पेरू (१९०३–८७) या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने विकासध्रुवांची संकल्पना मांडली. तिच्यानुसार विकास सर्वत्र एकाच वेळी होत नसून काही केंद्रांत प्रथम होतो व तेथून इतरत्र पसरतो. गुन्नार मीर्दाल (१८९८–१९८७) या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये या प्रक्रियेची दुसरी बाजू दाखविली. वाढत्या केंद्राकडून परिसराकडे मागणी, भांडवल व ज्ञान यांचा प्रसार होतो, त्याचप्रमाणे परिसरातील भांडवल व कर्ती माणसे केंद्राकडे खेचली जातात, असे त्याने दाखवून दिले. या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरेल, हे तेथील संस्थात्मक व्यवस्थेवर अवलंबून असते. पुण्याच्या बाबतीत पूर्वेकडे पहिला व पश्चिमेकडे दुसरा परिणाम प्रामुख्याने आढळतो.

प्रारंभीचा काळ : शिवकालात मावळ हे लष्करी सामर्थ्याचे उगमस्थान होते. मावळे, किल्ले व घाटवाटा ही त्या काळची त्याची खरी संपत्ती होय. पेशव्यांचे वास्तव्य पुण्यात स्थिर झाल्यावर शहराची लोकसंख्या वाढली आणि पाण्याची गरज निर्माण झाली. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळांतून शहरातील हौदांत आणण्यात आले. ही योजना लहान प्रमाणावरील असल्याने तिच्यामुळे शेतकऱ्यांचे विस्थापन झाल्याचे दिसत नाही. तथापि शहराबाहेरच्या डोंगरातील पाणी शहराच्या निर्णयाने शहरात आणण्याची प्रथा येथपासून सुरू झाली, असे म्हणता येईल. राजधानी या नात्याने पुण्यात सरदारांचे व सावकारांचे भांडवलही एकवटले. पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) राजसत्ता गेली, तरी सावकारी पेढ्या व वतनदारी हक्क बऱ्याच अंशी टिकून राहिले आणि पुढील शतकात मावळातील जमिनींवर त्यांचा पगडा बसला.

लोहमार्ग व कालवे : खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटातील अवघड टप्पा १८६३ मध्ये सुरू झाल्यावर पुणे मुंबईच्या बाजारपेठेशी थेट जोडले गेले. खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. खडकी व पुणे येथील लष्करी छावण्या, नागरी वस्ती व पूर्वेकडील दुष्काळी प्रदेश यांना पाणी देण्यासाठी मुठा नदीवर खडकवासले येथे दगडी धरण बांधण्यात आले. ते १८७९ मध्ये पूर्ण झाले. कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्याच्या जलाशयास ‘लेक फाइफ’ असे नाव होते. धरणाचा उजवा कालवा सु. ११२ किमी. लांबीचा असून तो हवेली तालुक्यातून दौंड भागाकडे जातो. याच सुमारास नीरा खोऱ्यातील योजनाही हाती घेण्यात आली. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे क्षेत्र तत्कालीन भोर संस्थानात होते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी मात्र ब्रिटिश अमलाखालील पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांना मिळाले. भाटघर येथील मोठे नवे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. बुडीत क्षेत्र एका प्रदेशात व लाभक्षेत्र दुसऱ्या प्रदेशात, ही विभागणी या योजनांपासून पक्की झाली.

भांडवल व कर्ज : लोहमार्गामुळे शेतमालास दूरची बाजारपेठ मिळाली, परंतु त्याबरोबरच रोख सारा व रोख कर्ज यांचे महत्त्व वाढले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व नंतर कोसळले. त्यामुळे कर्जबाजारी झालेल्या शेतकऱ्यांचा असंतोष १८७५ मध्ये सुपे येथील दंग्याने प्रकट झाला व पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. मावळात दंग्यांची तीव्रता पूर्वेकडच्या इतकी नव्हती, तथापि तेथेही भातजमिनींचे मालकी व गहाणाचे हक्क पुण्यातील सावकारांकडे जाण्याची प्रक्रिया चालू होती. जमीन कसणारा मावळात व जमिनीचा मालक शहरात, अशी स्थिती अनेक गावांत निर्माण झाली. पुढे मुळशीच्या लढ्यात तिचे परिणाम दिसून आले.

जलविद्युत् व मुळशी सत्याग्रह : सह्याद्रीच्या कड्यावरून पडणाऱ्या पाण्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी पुरस्कारिली होती. त्यांच्या निधनानंतर १९१० मध्ये टाटा जलविद्युत् कंपनी स्थापन झाली. लोणावळे, वळवण व शिरवते येथील जलाशयांचे पाणी सु. ५०० मी. खाली खोपोलीस नेऊन तेथील वीज १९१५ पासून मुंबईस मिळू लागली. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरण व भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये कार्यान्वित झाले. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या मुंबईच्या कापडगिरण्यांना या विजेमुळे स्वस्त शक्ती उपलब्ध झाली.

या मालिकेतील तिसरी योजना निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे आखण्यात आली. तीमुळे सु. ५० गावे व उत्तम प्रतीची भातशेती पाण्याखाली जाणार होती. भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीसाठी जमीन ताब्यात घेण्याचे ठरविल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास प्रारंभ केला. पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट (१८८०–१९६७) व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते होत. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे इ. पुण्यातील पुढाऱ्यांनीही त्यास पाठिंबा दिला. ‘जान किंवा जमीन’ ही सत्याग्रहींची घोषणा होती. धरणाविरुद्ध संघटितपणे झालेल्या जगातील आरंभीच्या लढ्यांत त्याची गणना होते.

लढ्याच्या अपयशाची मीमांसा करताना शहराची दुहेरी भूमिका लक्षात घ्यावी लागते. पुण्यातील वृत्तपत्रे व पुढारी यांच्यामुळे मुळशीचा प्रश्न सर्व महाराष्ट्रापुढे आला. परंतु तेथील बऱ्याच जमिनींचे मालक पुण्यातील सावकारच होते आणि त्यांचे हित नुकसानभरपाईची रक्कम वाढवून घेण्यात होते. कुळाच्या दृष्टीने जमीन ही उपजीविका, तर सावकाराच्या दृष्टीने ती गुंतवणूक होती. त्यामुळे वाढीव मोबदल्याचा प्रश्न पुढे येताच मालक व कसणारे यांची एकजूट टिकली नाही. १९२४ अखेर सेनापती बापट यांनी धरणाच्या कामाची आगगाडी रोखली; त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह त्यापूर्वीच ओसरला होता. भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. याच सुमारास अमेरिकेत लॉस अँजेल्स शहराने ओवेन्स खोऱ्याचे पाणी १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या जलवाहिनीने आणले होते. त्याविरुद्ध खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९२४ मध्ये जलवाहिनीचे दरवाजे ताब्यात घेतले होते. दोन्ही ठिकाणी पाण्याचा उगम एका प्रदेशात, निर्णय मात्र दूरच्या महानगरात, असे चित्र होते. पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या मुंबईत वाढल्या. मुळशीच्या खोऱ्यात वीजनिर्मितीशी निगडित असा उद्योग उभा राहिला नाही.

श्रमशक्तीचे स्थलांतर : पाण्याप्रमाणेच मावळातील माणसेही शहराकडे गेली. मुंबईतील डबेवाल्यांचा व्यवसाय १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. या व्यवसायातील बहुसंख्य लोक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतील आहेत. भाताचा हंगाम संपल्यावर गावी काम नसल्याने गोदी व बाजारपेठांतील हमाली हाही अनेकांचा आधार बनला. मुंबईहून येणारी मनिऑर्डर हा मावळातील कुटुंबांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग होता. हा पैसा मुख्यत्वे उदरनिर्वाह व कर्जफेड यांत खर्च होई. शेतीतील सुधारणेस त्याचा हातभार थोडा लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान (१८७२–१९६१) यांनी शहराजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीचे अतिशय लहान तुकडे, कर्जबाजारीपणा आणि गावाबाहेरील मजुरीवरील अवलंबित्व त्यांनी तीत नोंदविले. शेती पुरेशी नसल्याने शहरातील रोजगार आवश्यक व रोजगार मिळू लागल्याने शेती दुय्यम, हे चक्र त्या काळीच सुरू झालेले होते. ते गाव पुढे पिंपरी-चिंचवड शहरात पूर्णपणे सामावले गेले.

पूर्वेकडील लाभक्षेत्र : ज्या पाण्याने पश्चिमेकडील खोरी बुडाली, त्याच पाण्याने पूर्वेकडे ऊस व गूळ यांची अर्थव्यवस्था उभी राहिली. नीरा कालव्यांच्या आधाराने वालचंदनगर येथे १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभा राहिला व त्याभोवती अभियांत्रिकी उद्योगही वाढला. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वरनगर, थेऊर इ. ठिकाणी सहकारी साखर कारखाने निघाले. सहकारी साखर उद्योगाच्या उभारणीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे (स्थापना १९३०) संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांचा मोठा वाटा होता. प्रवरानगर येथील पहिल्या सहकारी कारखान्याचे ते अध्यक्ष होते. कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रात केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पट्ट्याचा विकास केवळ पाण्यामुळे झाला, असे म्हणता येत नाही. कच्च्या मालावरील प्रक्रिया तेथेच होणे, कर्जपुरवठा सहकारी बँकांमार्फत स्थानिक नियंत्रणाखाली असणे आणि नफ्याचा काही भाग शाळा, महाविद्यालये व रस्ते यांवर खर्च होणे, या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या ठरल्या. मावळात अशा संस्था उभ्या राहण्यासारखे बाजारी पीक व सलग बागायती क्षेत्र नव्हते. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ हा सुवासिक भाताचा वाण शेतकऱ्यांना लाभदायक ठरला. शहरातील संशोधन व मागणी यांचा मावळाकडे झालेल्या प्रसाराचे ते एक चांगले उदाहरण आहे.

पानशेत व त्यानंतरची धरणे : वाढत्या गरजेसाठी आंबी नदीवर पानशेत येथे बांधलेले मातीचे धरण पूर्ण होण्यापूर्वीच १२ जुलै १९६१ रोजी फुटले व त्यामुळे खडकवासल्याचे धरणही फुटून पुणे शहरात अपरिमित हानी झाली. दोन्ही धरणे नंतर पुन्हा उभारण्यात आली. मोसे नदीवरील वरसगाव धरण १९९३ मध्ये व मुठेवरील टेमघर धरण त्यानंतर उपयोगात आले. या चार धरणांची उपयुक्त साठवणक्षमता सु. २९ अब्ज घनफूट आहे. त्याच्याशी तुलना करता, कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात टाटा जलविद्युत् प्रकल्पांना भीमा खोऱ्यातून पश्चिमेकडे वळविण्यास दिलेली कमाल मर्यादा एका वर्षात ५४.५ आणि सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट होती. म्हणजे पुणे शहर व त्याचे लाभक्षेत्र ज्या साठ्यावर अवलंबून आहे, त्याहून अधिक पाणी दरवर्षी घाटाखाली जाऊ शकते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. तत्पूर्वी विस्थापित झालेल्यांचे, विशेषतः पवना धरणग्रस्तांचे, प्रश्न मात्र अनेक दशके रेंगाळले.

औद्योगिकीकरण व नागरी विस्तार : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथील जमिनी संपादित होऊन वाहन व अभियांत्रिकी उद्योगांचा मोठा पट्टा तयार झाला. १९७० मध्ये येथे नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१.२ लाख, तर पिंपरी-चिंचवडची १७.३ लाख होती. तळेगाव, चाकण व हिंजवडी येथील वसाहतींमुळे मावळ व मुळशी तालुक्यांच्या पूर्व कडेस रोजगार आला आणि जमिनीचे भाव वाढले. जमीन विकून मिळालेला पैसा काही कुटुंबांनी व्यवसायात गुंतविला. इतरांच्या बाबतीत तो टिकला नाही. या विकासाचा प्रसार महामार्गालगत अधिक व धरणांच्या वरच्या अंगास अत्यल्प झाला.

अलीकडील संघर्ष : राज्य शासनाने १९९६ मध्ये खासगी गिरिस्थान-विकासाचे धोरण स्वीकारल्यावर मोसे खोऱ्यात लवासा हे नगर उभारण्यास प्रारंभ झाला. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच्या बांधकामास स्थगिती दिली. पुढील वर्षी सशर्त मंजुरी मिळाली, परंतु २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. नदीपात्रातून वाहणाऱ्या पाण्यावर त्यांच्या काठावरील उपसा योजना अवलंबून होत्या. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावरील आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले व योजना स्थगित झाली. पाणी उघड्या पात्रातून जाते तेव्हा वाटेवरच्यांनाही त्याचा वाटा मिळतो. बंद नळातून गेल्यास तो मिळत नाही, हे या संघर्षाचे मूळ होय.

शहराचा पाणीवापर मंजूर प्रमाणाहून अधिक झाल्याने पूर्वेकडील कालवाधारकांचाही शहराशी संघर्ष उद्भवला आहे. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगास शेतीपेक्षा अग्रक्रम होता. तो २०११ मध्ये बदलून शेतीस दुसरे स्थान देण्यात आले. शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व तेथून उजनीच्या जलाशयात जाते. अशा रीतीने परिसरप्रदेश शहराला शुद्ध पाणी पुरवितो व शहराचे दूषित पाणीही स्वीकारतो.

मूल्यमापन : पुण्याने आपल्या परिसराची केवळ हानी केली किंवा केवळ उन्नती केली, असे एकांगी विधान वस्तुस्थितीस धरून होणार नाही. बाजारपेठ, शिक्षण, संशोधन व रोजगार यांचा लाभ सर्वच तालुक्यांना कमीअधिक प्रमाणात मिळाला. तथापि त्याचे प्रमाण साधनसंपत्तीच्या प्रमाणाशी जुळत नाही. सर्वाधिक पाऊस पडणारी खोरी सर्वांत कमी बागायती राहिली, तर कोरडे तालुके समृद्ध झाले. या विषमतेचा उगम निसर्गात नसून निर्णयाधिकार, मालकी व प्रक्रिया यांच्या विभागणीत आहे. पूर्वेकडील शेतकऱ्यांना पाण्याबरोबर संस्थाही लाभल्या. पश्चिमेकडील शेतकऱ्यांना पाण्याच्या मोबदल्यात एकरकमी नुकसानभरपाई मिळाली व तीही अनेकदा जमीनमालकाच्या हाती गेली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २०१५ मध्ये स्थापना झाल्यावर शहर व परिसर यांचे नियोजन एकत्रितपणे करण्यासाठी यंत्रणा उपलब्ध झाली आहे. पाणलोट क्षेत्रातील गावांना पाणी व वीज यांच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा आणि निर्णयप्रक्रियेत स्थान मिळते किंवा नाही, यावरच तिच्या कार्याचे यश मोजावे लागेल.